तीन ट्रॅकची ईपी, आठ माग आणि आईच्या ताटल्या

कोणी विचारलं की ईपी (अल्बमपेक्षा लहान, दोन-चार ट्रॅकचं रिलीज) काढायला किती वेळ लागला तर मी एक वर्ष आठ महिने सांगतो, आणि त्यातले म्युझिक बनवण्यात गेले जेमतेम पाच-सहा आठवडे. बाकीच्या वेळात काय झालं ते लिहितोय, कारण मी सुरू करताना असं मराठीत कुठे सापडलं नव्हतं, इंग्रजीत ढीगभर होतं पण त्यात कोणाच्या आईच्या ताटल्या वाजत नव्हत्या.

मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरी पुण्यात, वारज्याला भाड्याने राहतो. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि रात्री हे. आमच्याकडे डीजेला डीजे म्हणत नाहीत, डॉल्बी म्हणतात, त्याचा त्या कंपनीशी काही संबंध नाही, भिंतीएवढे स्पीकर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचले की झाली डॉल्बी. लहानपणी विसर्जनाला तिच्यासमोर उभं राहून शर्टाची बटणं थरथरताना बघायची हा माझा बेस म्युझिकशी पहिला संबंध. गाणी कुठली वाजायची ते आठवत नाही, पण छातीत काय व्हायचं ते पक्कं आठवतंय. (त्याने म्हाताऱ्या माणसांना काय त्रास व्हायचा हेही आता कळतं, त्यामुळे बंदी घातली तेव्हा मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.)

मग इंजिनिअरिंगला हॉस्टेलमध्ये एकाच्या हार्ड डिस्कवर डबस्टेपचं एक फोल्डर मिळालं. मला वाटलेलं ते किंचाळणारं असेल, निघालं भलतंच. मिनिटाला 140 ठोक्यांचा टेम्पो, पण अर्ध्या चालीत चालणारं, मधे भरपूर मोकळी जागा आणि खाली नुसता बेस. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन म्हणून भाग आहे, तिथली स्क्रीम, बेंगा वगैरे पोरं, आणि माला, कोकी, लोइफा यांनी 2005 पासून ब्रिक्स्टनला भरवलेल्या डीएमझेड नावाच्या क्लबच्या रात्री, हे सगळं मी तेव्हा वाचून काढलं. तिथून पुढे 2007 ला सुरू झालेलं हेसल ऑडिओ, ब्रिस्टलचं लिव्हिटी साउंड, बाटूचं टाइमडान्स, म्युनिकचं इलियन टेप. म्हणजे अशी लेबलं (म्युझिक काढणाऱ्या छोट्या कंपन्या) जिथे बेस आणि टेक्नो एकमेकांत इतके मिसळलेत की कुठलं काय ते सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही.

तेव्हापासून माझा शुक्रवार ठरलेला असतो. 2015 पासून जगभरात नवीन म्युझिक शुक्रवारीच येतं, त्यामुळे ऑफिस सुटलं की चहा घेऊन बसायचं आणि बँडकॅम्पवर (कलाकारांकडून थेट म्युझिक विकत घ्यायची साइट) आठवड्याभरात आलेलं सगळं चाळायचं, महिन्याला दीड हजाराच्या वर जायचं नाही. बर्लिनच्या हार्ड वॅक्स दुकानाची साइटही बघतो, विकत घ्यायला नाही, पोस्टेज रेकॉर्डच्या किमतीला भिडतं, पण त्यांची वर्णनं वाचायला. अख्ख्या रेकॉर्डबद्दल एक ओळ, कधी चारच शब्द, फारच आवडलं असेल तर शेवटी 'टिप!'. मी हे शिकलो, प्रत्येक ट्रॅकसमोर वहीत एक ओळ लिहायची. ओळ लिहिताच आली नाही तर तो ट्रॅक घ्यायचा नाही. सध्या जे धडाधड 150 च्या पुढचं टेक्नो येतंय, रीलमध्ये वीस सेकंद बघायला भारी, त्यातल्या बहुतेकांसमोर माझी वही कोरी आहे. आवडणाऱ्यांनी खुशाल ऐका, मला त्यात श्वास घ्यायला जागा मिळत नाही.

तर असं आठ-दहा वर्षं ऐकून झाल्यावर डोक्यात किडा वळवळला की आपण पण काढावं.

2023 च्या दिवाळीआधी मागांचा आवाज रेकॉर्ड करायला घरी गेलो. दिवाळीत गेलो असतो तर उपयोग नव्हता, तेव्हा बोनस वाटून कारखाने बंद असतात, म्हणून दोन दिवस रजा वाढवून आधीच गेलो. चुलत काकांचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि आत आठ साधे यंत्रमाग. लहानपणापासून हा आवाज ऐकतोय, आमच्या गल्लीत झोपच त्याच्यावर लागायची, वीज गेली की माग थांबायचे आणि आख्खी गल्ली जागी व्हायची. पण आवाज ऐकणं वेगळं आणि भरणं वेगळं. रेकॉर्डर घेऊन आत शिरलो तर मीटर सरळ लाल, गेन पार खाली आणला तरी लाल, आणि ऐकलं तर नुसता पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा खर्रर्र आवाज. आठ माग एकदम चालू असले की कुठल्याच मागाचा आवाज येत नाही, सगळ्यांचा मिळून एक येतो.

काका कानाजवळ येऊन ओरडले, "काय भरतुयास रं ह्यात? चोवीस तास हाय की हे!"

मला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, पण नशिबाने बॅगेत पिएझो होते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घेतलेल्या दहा-दहा रुपयांच्या पितळी चकत्या, त्यांना वायर आणि जॅक सोल्डर केला की कॉन्टॅक्ट माइक तयार. हा माइक हवेतला आवाज घेत नाही, ज्याला चिकटवला त्याचीच थरथर घेतो. तीन नंबरच्या मागाच्या लोखंडी चौकटीला मास्किंग टेपने चिकटवला, हेडफोन लावला आणि शेड गायब झालं. एकच माग. आडवा धागा नेणारा धोटा पिकरचा टोला बसून एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत आपटतो तो ठक, त्याच्यामागून फणी कापडाला ठोकते तो जड धड्, आणि त्या दोन्हीच्या मधे एक बारीकसा खुळखुळ, जो बाकीच्या मागांना नव्हता. मी तीन नंबर तेवढ्यासाठीच निवडला. चाळीस मिनिटं भरलं. शेवटी वीज गेली तेही आलं, माग एकदम थांबत नाहीत, गती उतरत उतरत शेवटचा एक अर्धवट ठक होतो, आणि मग पत्र्यावर कबुतरांची नखं वाजतात.

पुण्यात आल्यावर माग मोजला. मिनिटाला 112 ठोके, थोडे इकडेतिकडे. मला ट्रॅक 140 चा हवा होता, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये माग ताणून 140 ला बसवला तर तो माग राहिलाच नाही, प्लास्टिकचं खेळणं झालं. दोन आठवडे ह्यात घालवले. मग एका रात्री कंटाळून माग होता तसा 112 वर ठेवला आणि खाली 140 चा ड्रम लावला आणि चूक करतोय असं वाटत असतानाच ते मधेच एकत्र आलं, परत सुटलं, परत आलं. कॅल्क्युलेटर काढला. 112 ला 140 म्हणजे 4 ला 5. मागाचे चार ठोके होतात तेवढ्यात ड्रमचे पाच होतात, आणि चार-चार ठोक्यांच्या बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, मोजलं तर बरोबर पाचव्या बारनंतर माग पुन्हा समेवर येतो. तबला शिकलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळलं असतं, मला दोन आठवडे आणि काकांचा माग लागला. तो ट्रॅक म्हणजे 'धोटा'. दुसरा 'कांडी' (धोट्यात बसते ती धाग्याची गुंडाळी), जरा टेक्नोकडे झुकणारा, 132 चा. तिसरा 'वीज गेली', त्यात ड्रमच नाहीत, माग थांबतानाचा आवाज लांबवलाय आणि कबुतरं.

आता बेस. इथे खरी वाट लागली.

माझी खोली दहा बाय अकरा, टेबल असं लावलेलं की मी दहा फुटांच्या बरोबर मधे बसायचो. 'धोटा' चा बेस 'ए' सुरात होता, म्हणजे 55 हर्ट्झ. कितीही वाढवला तरी पोकळ वाटायचा, म्हणून अजून वाढवला, अजून वाढवला. त्या महिन्यात आई आलेली राहायला. ती तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "अरे तुझं काय चाललंय ते चालू दे, पण मांडणीवरच्या ताटल्या खाली येतील." मी म्हटलं आई, बेस तर ऐकूच येत नाहीये. ती म्हणाली, "तुला येत नसेल." भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो तर खरंच, भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीत ताटल्या किणकिण करत होत्या, पिण्याच्या पाण्यावर तरंग.

हे काय आहे ते शोधलं तर शाळेतलं फिजिक्स निघालं. 55 हर्ट्झची लाट हवेत साधारण सव्वासहा मीटर लांब असते. तिची अर्धी लांबी म्हणजे तीन मीटर आणि थोडं, म्हणजे दहा फूट, म्हणजे माझी खोली. अशा वेळी लाट दोन भिंतींमध्ये अडकून बसते, भिंतीपाशी दाब सगळ्यात जास्त आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. मी त्या शून्यात खुर्ची टाकून बसलेलो आणि बेस वाढवत होतो, आणि आईच्या ताटल्या भिंतीला लागून, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त तिथे. घरात खरं मॉनिटरिंग मांडणीवर चाललं होतं.

मग लोक सांगतात तसं केलं, कोपऱ्यात गोधड्या रचल्या. गोधड्यांनी टाळ्यांचा आवाज छान दबला, बेसला ढिम्म फरक पडला नाही. पडणारच नव्हता, 55 हर्ट्झ शोषायचं तर पाव लाटेएवढी जाडी लागते, म्हणजे दीड मीटर, म्हणजे अर्धी खोली गोधड्यांनी भरायची आणि मी गॅलरीत बसायचं. आईने त्यातल्या तिच्या दोन परत घेतल्या.

पण मला तेव्हाही वाटत होतं की माझाच घोळ असेल, मोठ्या सिस्टिमवर बरोबर वाजेल. तर पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा चुलत भावाच्या एका मित्राला गाठलं, त्याची डॉल्बी आहे, सिझन नसला की गोडाऊनमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली असते. दुपारी अडीच वाजता शटर अर्धं ओढून त्याने आठ बेसचे बॉक्स लावले, प्रत्येकात दोन-दोन 18 इंची स्पीकर, आणि मी लॅपटॉप जोडला.

हे करताना मला सारखं लंडन आठवत होतं, हसू नका. तिकडे दोन हजारच्या दशकात ती डबस्टेपवाली पोरं नवा ट्रॅक झाला की फॉरेस्ट हिलच्या ट्रान्झिशन स्टुडिओत जाऊन डबप्लेट कापून घ्यायची. डबप्लेट म्हणजे अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा लेप, त्यावर थेट कापलेली एकुलती एक प्रत, काही डझन वेळा वाजवली की झिजायला लागते. आणि ती घेऊन प्लॅस्टिक पीपल नावाच्या क्लबमध्ये जायची, लहानशी अंधारी जागा, पण साउंड सिस्टिम अशी की आपला बेस खरा काय आहे ते तिथे कळायचं. 2015 ला ती बंद झाली. रिलीज होणं नंतरची गोष्ट, आधी ट्रॅक सिस्टिमवर पास व्हायचा. तर माझं प्लॅस्टिक पीपल म्हणजे सांगली रोडचं गोडाऊन, आणि प्रेक्षक म्हणजे डॉल्बीवाला, त्याचा पोऱ्या आणि एक शेळी.

'धोटा' लावला. बेस आला आणि पत्र्याचं शटर इतकं थडथडलं की पोऱ्या पळत जाऊन धरून उभा राहिला. माग ऐकूच येईना, ड्रम ऐकू येईना, नुसता एक सूर घूंऽऽ करत सगळ्यावर बसलेला. डॉल्बीवाल्याने शांतपणे फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला. मला वाटलं म्हणेल बेस जास्त आहे. तो म्हणाला, "बेस जास्त न्हाई हो, एका जागी अडकलाय. पुढं सरकंना." इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग 'कांडी' लावला आणि त्याचा उलटा प्रकार. बेस गायबच. घरी हेडफोनवर तोच बेस दोन्ही कानांत पसरून असा मस्त फिरत होता, त्याला मी कोरस इफेक्ट लावलेला. पण ह्याच्या बॉक्सना डावं-उजवं नसतं, दोन्ही बाजू एकत्र करून एकच सिग्नल जातो. माझा डावा बेस वर जात असताना उजवा खाली जात होता, दोघांनी मिळून एकमेकांना खाल्लं आणि स्पीकरला काहीच उरलं नाही. विनाइल रेकॉर्डवर बेस कापतानाही हाच नियम, खालचं सगळं मोनोत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखं ठेवायचं, नाहीतर सुई खाचेतून उडते. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि तरी केलं.

निघताना त्याने विचारलं, "सगळं झ्याक हाय, पण ह्यात गाणं कधी यायचं?"

दुरुस्ती सोपी निघाली, चूक शोधायलाच वेळ गेला. 'धोटा' चा सूर 'ए' वरून 'एफ' ला आणला, म्हणजे 55 वरून 43-44 हर्ट्झ, तिथे माझी खोली नाक खुपसत नाही. टेबल मधोमध होतं ते पुढे सरकवून माझं डोकं पुढच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणलं, खोलीच्या लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर बसा असा एक ठोकताळा आहे. 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. आणि 43 हर्ट्झ मोबाइलवर वाजतच नाही म्हणून बेसला थोडं डिस्टॉर्शन दिलं, त्याने 87 ला, 131 ला त्याच सुराच्या सावल्या तयार होतात आणि फोनवर ऐकणाऱ्याच्या मेंदूला खालचा सूर आहे असं वाटतं. शिवाय प्रत्येक वेळी आधी विकत घेतलेल्या दोन ट्रॅक्सशी आवाज जुळवून बघायचो. इतक्या वर्षांचे शुक्रवार इथे कामी आले, ते ट्रॅक माझ्या ह्याच वाईट खोलीत कसे वाजतात ते मला पाठ होतं. आणि आई फोनवर विचारायची, मी सांगायचो, आज फक्त एक वाटी वाजली. ती म्हणायची, मग कमी झालाय की रे.

त्यानंतर लेबलांना पाठवणं. 14 ईमेल केले. फाइल जोडायची नाही, खाजगी लिंक द्यायची, दोन ओळी लिहायच्या, आपलं आत्मचरित्र नाही. तीन उत्तरं आली. एक नकार, एक "आवडलं पण आमच्याकडे दोन वर्षांचं भरलंय", आणि एक होकार! युरोपातलं लहान लेबल, नाव घेत नाही, 12 इंची विनाइल काढू म्हणाले. मी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो. विनाइलची सगळी माहिती काढली, की 12 इंचीवर मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाने, खाचा रुंद ठेवून दणदणीत कापायचं तर एका बाजूला दहा-बारा मिनिटांच्या पुढे जाऊ नये, म्हणून 'धोटा' साडेसात मिनिटांचा होता तो कापून सहा चाळीसचा केला (हे बरंच झालं). मग पहिला महिना ईमेल, दुसरा महिना "लवकरच कळवतो", मग काहीच नाही. सात महिने. मी आठवण करायचो, कधी दोन आठवड्यांनी, कधी लाज वाटून महिन्याने. शेवटी लिहिलं की मी ट्रॅक परत घेतो आणि स्वतः काढतो, तर दहा मिनिटांत उत्तर, काही हरकत नाही मित्रा, शुभेच्छा. दहा मिनिटांत! म्हणजे ईमेल वाचत होता. लेखी काही सही केलं नव्हतं एवढंच नशीब, केलं असतं तर ट्रॅक तिकडेच अडकून पडले असते.

स्वतः विनाइल काढायचा विचार एक संध्याकाळभर केला. शंभर-दोनशे प्रतींशिवाय कुणी हात लावत नाही आणि पोस्टेजचं गणित मांडल्यावर वही मिटली. डिजिटलच.

मास्टरिंगला, म्हणजे रिलीजआधी आवाजावर शेवटचा हात फिरवायला, बेंगळुरूच्या एकांकडे दिलं, ट्रॅकमागे साडेतीन हजार. त्यांनी पहिल्यांदा परत पाठवलं, म्हणाले किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस एकाच दारातून घुसतायत, आधी ते मोकळं कर मग मी हात लावतो. बरोबर होतं. किक वाजली की बेस क्षणभर दबेल असं केलं आणि मास्टर चॅनेलवरचा माझा आवाज चेपणारा लिमिटर काढून 24 बिटची वेव्ह फाइल पाठवली. मास्टर ऐकून पहिल्यांदा वाटलं आवाज लहान आहे. त्यांनी समजावलं, स्ट्रीमिंगवाले तसंही सगळ्यांना साधारण उणे 14 लफ्सपर्यंत (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली ओढतात, तू उणे 6 वर चेपून दिलंस तरी तिथे तेवढाच वाजेल, फक्त चपटा होऊन. माझा उणे 9 च्या आसपास आहे. मागाचा ठक अजून टोचतो, मला तेवढंच हवं होतं.

कागदपत्रांचा भाग पटकन संपवतो. प्रत्येक ट्रॅकला 12 अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी नावाचा ओळख-नंबर लागतो, तो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्ट्रीमिंगवर ट्रॅक पोचवणारा, देतो. त्या डिस्ट्रिब्युटरने माझी नावं देवनागरीत आहेत म्हणून दोनदा परत पाठवली, पहिल्यांदा कारण "चुकीची अक्षरं", दुसऱ्यांदा भाषा आपोआप हिंदी करून टाकलेली आणि मी ती मराठी केली म्हणून "भाषा जुळत नाही". ज्या ट्रॅकमध्ये एकही शब्द नाही त्याच्या भाषेवरून तीन आठवडे भांडलो मी. जिंकलो. बँडकॅम्पला पैसे पेपालमधून येतात, त्याला पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे येतायत त्याचा एक पर्पज कोड लागतो, अमेरिकेचा डब्ल्यू-8बेन हा टॅक्सचा फॉर्म भरायचा, हे एका रविवारी होऊन जातं. डिजिटल विक्रीतले 15 टक्के बँडकॅम्प ठेवतं, पैसे देण्या-घेण्याची फी वेगळी. 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडून देतात, बँडकॅम्प फ्रायडे, पण मी मुद्दाम तो दिवस टाळला, त्या दिवशी सगळ्यांच्याच इनबॉक्समध्ये इतका मारा असतो की माझा धोटा कोणाला दिसणार.

रिलीजच्या तीन आठवडे आधी पंचवीसेक डीजेंना प्रमो, म्हणजे वाजवून बघायला फुकट प्रत, पाठवला. चौघांनी उतरवून घेतला. त्यातल्या एकीने एका लहान ऑनलाइन रेडिओवर वाजवला आणि मला एकच ओळ लिहिली, की पाचव्या बारला दोन्ही एकत्र येतात तिथे दर वेळी मी मोजायला चुकते. ती ओळ मी माझ्या वहीत उतरवून ठेवलीय, दुसऱ्या कोणाच्या ट्रॅकसमोर असते तशी.

रिलीजचा शुक्रवार. सकाळी उठून बघितलं, विक्री शून्य. स्टँडअप मीटिंगमध्ये टेबलाखाली बघितलं, दोन, त्यातला एक माझा मित्र. जेवणाच्या सुट्टीत सहा, त्यात ओसाकाचा एक माणूस, ज्याने मागितलेल्या 5 डॉलरऐवजी 9 दिले. का दिले असतील ह्याचा मी दिवसभर विचार केला. आठवड्यात 34 प्रती झाल्या. मास्टरिंगचा खर्च जेमतेम निघाला, पण जे सांगायचं ते हे की 34 ला मी रोज उघडून बघत होतो, आणि स्ट्रीमिंगवरचे तीनशे-चारशे आकडे आले तर त्याने काहीच वाटलं नाही, ते कुठून आले ते कळतच नाही.

दोन आठवड्यांनी पुण्यातच एका बारमध्ये मित्राने रात्री पावणेबाराला 'धोटा' वाजवला. साठ-सत्तर माणसं असतील. साउंडवाल्याचा हात फेडरवर होता, मी फक्त त्याच्या हाताकडे बघत होतो. बेस आला. हात हलला नाही. मी आधी भिंतीपाशी जाऊन ऐकलं, मग बरोबर खोलीच्या मधे जाऊन उभा राहिलो, लोक नाचत होते आणि मी डोकं तिरकं करून दोन-दोन पावलं सरकत होतो, मित्र नंतर म्हणाला की काहीतरी हरवल्यासारखा दिसत होतास.

काकांना लिंक पाठवली नव्हती, भावाने ऐकवलं. रात्री दहाला त्यांचा फोन, मागे माग चालू, त्यामुळे दोघेही ओरडत बोलतोय. मी म्हटलं कसं वाटलं काका? फोनच्या स्पीकरवर ऐकलेलं त्यांनी, म्हणजे माझा तो 43 हर्ट्झचा एवढा छळ करून बसवलेला बेस त्यांना ऐकूच गेला नसणार.

"तीन नंबर हाय न्हवं ह्यो?"

मी म्हटलं हो, कसं ओळखलं?

"खुळखुळतंय की मधी. पिकर ढिला हुता तवाचं हाय हे. दिवाळीनंतर बदलला त्यो. आता एकदम सरळ चालतंय बघ, ये, परत भर."

मी म्हटलं नको काका, तो ढिलाच बरा होता. तिकडून काही ऐकू आलं नसावं, ते म्हणाले, "हां, हां, ये मग," आणि फोन ठेवला.